पंचनाम्यातली चौदावी नोंद

१

शनिवारी सकाळी वनमाला सामंत मुलुंडच्या घरी टेबलाशी बसून वाटाणे सोलत होत्या. डाव्या हाताला शेंगांची पिशवी आणि उजव्या हाताला एका खुनाचा पंचनामा. अठ्ठावीस वर्षं घाटकोपरच्या शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता कोर्टाची भाषांतरं करत होत्या. खालच्या कोर्टातले मराठी कागद हायकोर्टात न्यायचे तर इंग्रजीत करून द्यावे लागतात. भाषांतर करणाऱ्याने भाषांतर करावं, डोकं चालवू नये, असं त्यांचं तत्त्व होतं. तत्त्व झकास होतं, पण चौदाव्या नोंदीपाशी ते गडगडलं.

प्रकरण सहा वर्षांपूर्वीचं. प्रीतम पेडणेकर हा अंधेरीतल्या एका गाळ्यात कामाला होता. फिल्मच्या शूटिंगला लागणारे मोठाले दिवे तिथून भाड्याने जात. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी गाळा उघडला तर प्रीतम आत मरून पडलेला, डोक्यात लोखंडी स्टँडचा घाव. त्याची बायको दर्शना ही नर्स, आणि तिचा मावसभाऊ केतन. दोघांनी कट करून खून केला, असं सत्र न्यायालयाने ठरवलं आणि दोघांना जन्मठेप दिली. त्याविरुद्धचं अपील येत्या गुरुवारी शेवटच्या सुनावणीला होतं.

प्रीतम आणि दर्शनाच्या मरोळच्या घराचा पंचनामा पोलिसांनी सोमवारी दुपारी केला होता. टीव्ही, पंखा, कपाट, गादी अशी यादी. वनमालाबाई एका लयीत उतरवत होत्या आणि मग ही नोंद आली.

‘१४) स्वयंपाकघराच्या ओट्याखाली झाकण असलेले तांब्याचे पातेले, पाण्याने भरलेले. त्यात पितळेच्या तीन लहान मूर्ती उभ्या ठेवलेल्या, तिन्हींची तोंडे एका दिशेस. वर भिंतीला लाकडी देव्हारा, रिकामा व पुसलेला. त्यात तांदळाचे दाणे आणि एक निरांजन, वात जळून संपलेली.’

वनमालाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. देव पाण्यात ठेवले होते! हल्ली लोक क्रिकेटच्या मॅचसाठीसुद्धा देव पाण्यात ठेवल्याचं बोलतात, पण त्या देवगडच्या. त्यांनी आपल्या आजीला खरोखर देव्हाऱ्यातून मूर्ती उचलून पाण्यात ठेवताना पाहिलं होतं. काका वादळात होडी घेऊन गेले होते तेव्हा. मागणं पुरं होईपर्यंत ते देव कोणी बाहेर काढत नाही.

त्या घरात कोणीतरी कोणासाठी तरी जिवाच्या आकांताने मागणं मागितलं होतं.

हे आधी कोणाला कसं दिसलं नाही? त्यांनी जुनी फाइल उपसली. दर्शनाच्या जामीन अर्जाला याच पंचनाम्याचं इंग्रजी भाषांतर जोडलेलं होतं. त्यात तेरा ते सोळा या चार नोंदी मिळून एकच ओळ होती: स्वयंपाकघरातील भांडी, पूजेचे साहित्य वगैरे. जामीन नाकारला गेला होता. कोणा आळशी माणसाने हे केलं म्हणून त्या चरफडल्या आणि त्यांनी पान उलटलं.

खाली सही त्यांची स्वतःची होती.

२

‘‘म्हणजे खरोखर ठेवतात?’’ मिहिर म्हणाला. ‘‘मला वाटलं नुसतं बोलतात, बाई.’’

मिहिर दर्शनाचा आणि केतनचा वकील. घाटकोपरला फरसाणाच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. कधीकाळी तो वनमालाबाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा, आणि अजूनही त्या आल्या की खुर्चीत सावरून बसायचा.

‘‘ठेवतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि मी ते सहा वर्षांपूर्वी ‘वगैरे’ करून टाकलं. नवीन नवीन काम होतं, शंभर पानं दोन दिवसांत हवी होती. ती पोरगी आत बसली आणि मी चहा पीत बसले. आता मला सांग, सरकारी पक्षाचं म्हणणं नेमकं काय आहे?’’

मिहिरने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दर्शना शुक्रवारीच परभणीला गेली होती, वडिलांच्या ऑपरेशनसाठी. वडील भीमराज, त्यांचा दवाखान्याचा कागदही होता. पोलीस म्हणाले, आपल्यावर शंका येऊ नये म्हणूनच ती गेली. शनिवारी दुपारी केतन गाळ्यावर येऊन प्रीतमशी भांडला, ते वॉचमनने ऐकलं. केतन म्हणतो, बायकोबरोबर सासऱ्यांकडे का नाही गेलास म्हणून बोललो. दोन दिवसांत केतनचे दर्शनाला अकरा फोन. तोही ऑपरेशनचाच विषय.

‘‘पण हे सगळं जाऊ दे. शिक्षा झाली ती रविवारमुळे,’’ मिहिर म्हणाला. ‘‘रविवारी त्या बंद घरात कोणीतरी होतं. शेजारच्या राधाने लाइट बघितला, चाहूल ऐकली. कडी-कोयंडा मोडलेला नाही. लॅचला किल्ल्या दोनच. एक दर्शनाजवळ परभणीत, दुसरी प्रीतमच्या खिशात. प्रीतमची सापडलीच नाही. पोलीस म्हणाले, दर्शनाने आपल्या किल्लीवरून तिसरी बनवून केतनला दिली. किल्ली दिली म्हणजे कट. कोर्टाने मान्य केलं, विषय संपला.’’

‘‘आता मला तो शर्टाचा फोटो दाखव.’’

शनिवारी संध्याकाळी सहा चाळीसला प्रीतमने दर्शनाला मोबाइलवर स्वतःचा फोटो पाठवला होता, ‘शर्ट कसा वाटतो?’ म्हणून. प्रेताच्या अंगावर तोच शर्ट होता, एवढ्यासाठी सरकारी पक्षाने तो पुराव्यात दाखल केला होता. हसऱ्या प्रीतमच्या खांद्यामागे देव्हारा दिसत होता. देव्हाऱ्यात गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा जागच्या जागी होते.

‘‘बारा मिनिटांनी तो गेटच्या कॅमेऱ्यात बाहेर पडताना दिसतो, आणि मध्यरात्री रेकॉर्डिंग बंद पडलं तोपर्यंत तरी परत आलेला नाही,’’ वनमालाबाई म्हणाल्या. ‘‘मग देव पाण्यात प्रीतमने ठेवले नाहीत. दर्शना तर परभणीत, शिवाय ती बौद्ध घरातली. नवऱ्याच्या देवांना ती हात लावत नव्हती. केतनही तसाच. मग रविवारी घरात कोण होतं? ज्याला ते देव आपले वाटतात असं कोणीतरी.’’

मिहिरने ओठांवर बोट आपटत विचार केला. ‘‘अशी तीनच माणसं. शेजारीण राधा. प्रीतमचा भाऊ नितेश. आणि आई, रुक्मिणी.’’

‘‘आईची साक्ष मी कालच उतरवली,’’ वनमालाबाई म्हणाल्या. ‘‘शपथेवर सांगितलंय तिने. ‘मुलाने जातीबाहेर लग्न केल्यापासून मी त्या घरात पाय ठेवला नाही. सोमवारी पोलिसांचा फोन येईपर्यंत मला काही ठाऊक नव्हतं.’ ’’

‘‘बाई, एक सांगू? साक्षीदारांना भेटायला जाऊ नका हं. तुमचं भाषांतराचं सर्टिफिकेट जाईल.’’

पण बाईंनी तोवर पर्स खांद्याला लावली होती.

३

राधा मरोळला चौथ्या मजल्यावर त्याच बिल्डिंगमध्ये होती. रविवारची सकाळ, ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. वनमालाबाईंनी आपण कोर्टाची भाषांतरं करतो हे खरं ते सांगून टाकलं. राधाला बोलायला निमित्त हवंच होतं.

‘‘मॅडम, मी तेव्हाच पोलिसांना म्हटलं, आतमध्ये कोणीतरी होतं, पण केतन होता का ते मला नाही माहीत. तर बोलले, जेवढं विचारतो तेवढंच सांगा. मग माझं काय जातंय? सांगितलं तेवढंच.’’

‘‘तुमच्याकडे किल्ली नव्हती त्यांची?’’

‘‘छे हो! आणि असती तरी मी कशाला जाते? आमच्याकडे सुतक होतं ना तेव्हा, चुलतसासरे गेले होते. दहा दिवस मी आमच्या देवांना हात लावला नाही, तर दुसऱ्यांच्या घरी कुठे शिरू?’’

वनमालाबाईंनी मनातल्या यादीतून राधाचं नाव खोडलं. सुतकातली बाई कोणाचे देव उचलणार नाही.

‘‘आतला माणूस काय करत होता, काही अंदाज?’’

राधाने चिमटा तोंडातून काढला. ‘‘तेच तर विचित्र होतं यार. आमच्या लिफ्टचा आवाज कसा आहे बघताय ना, अख्ख्या मजल्याला ऐकू जातो. ती दरवेळेला आमच्या मजल्यावर थांबली की आतून कोणीतरी लगबगीने दाराशी यायचं. मग थोडा वेळ शांत. मग हळूहळू पावलं परत आत जायची. सकाळपासून संध्याकाळी आठपर्यंत हेच चालू. आणि उदबत्तीचा वास. मी आमच्या ह्यांना बोलले पण, प्रीतम नाही, दर्शना नाही, मग घरात पूजा कोण करतंय?’’

‘‘हे तुम्ही कोर्टात का नाही सांगितलं?’’

‘‘कोणी विचारलं?’’ राधा म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. ‘‘दर्शना चांगली होती हो. माझ्या सासूची इंजेक्शनं फुकट द्यायची. मला झोप लागत नाही कधीकधी.’’

मेट्रो घाटकोपरला पोचेपर्यंत वनमालाबाईंचं डोकं भणभणत होतं. खुनी माणूस बंद घरात शिरला असता तर लिफ्ट वाजल्यावर श्वास रोखून कोपऱ्यात बसला असता. हा माणूस उलट दाराकडे धावत होता. त्याला कोणीतरी यायला हवं होतं. त्यासाठीच देव पाण्यात होते. म्हणजे प्रीतमच्या जिवाला काहीतरी झालंय हे त्याला ठाऊक होतं, पण तो परत येणार नाही हे ठाऊक नव्हतं.

आणि इथेच त्यांचं गणित अडलं. हा माणूस कुलूप न तोडता घरात आला होता. दर्शनाची किल्ली परभणीत होती. म्हणजे जो प्रीतमची वाट बघत बसला होता, त्याच्याच हातात प्रीतमची हरवलेली किल्ली होती.

४

पेडणेकरांचं बोरिवलीचं जुनं घर पाडून तिथे आता टॉवर उभा राहत होता. रुक्मिणी आणि नितेश तोवर जवळच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. सोमवारी दुपारी वनमालाबाईंनी बेल वाजवली तेव्हा रुक्मिणी एकटीच होती. सत्तरीच्या आसपासची, वाळलेली बाई. मालवणची बोली पन्नास वर्षांत मुंबईलाही तिच्या जिभेवरून पुसता आली नव्हती.

‘‘खयसून इलात?’’

‘‘मुलुंडहून. माहेर देवगडचं,’’ वनमालाबाई म्हणाल्या. ‘‘कोर्टाची कागदपत्रं इंग्रजीत करते मी. तुमच्या साक्षीबद्दल थोडं विचारायचं होतं, वैनी.’’

देवगड म्हटल्यावर रुक्मिणीने पाणी आणलं, सोबत गुळाचा खडा ठेवला. वनमालाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो. शेजारी प्रीतमचा. कोपऱ्यात देव्हारा होता, शिसवी, चांगला जुना. तो रिकामा होता. मालवणच्या बाईच्या घरी रिकामा देव्हारा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

वनमालाबाई शर्टाच्या फोटोतल्या देव्हाऱ्याबद्दल विचारायचं ठरवून आल्या होत्या, पण तोंडातून वेगळंच निघालं. ‘‘देव खय गेले, वैनी?’’

‘‘विसर्जन केलंय.’’

‘‘सगळे?’’

‘‘हयचे आणि थयचे पण. पोलिसांनी प्रीतमाच्या घरातला सामान नितेशकडे दिल्यानी, त्यात ते होते. सगळे नेऊन गोराईच्या खाडीत सोडलंय.’’ रुक्मिणी पदराच्या टोकाशी चाळा करत होती. ‘‘काय करूचे ठेवून? इतक्या वर्षांत एकदा मागलंय त्यांच्याकडे. माझा ऐकूक नाय त्येनी.’’

वनमालाबाईंनी पेला खाली ठेवला.

‘‘कधी मागितलंत, वैनी?’’

रुक्मिणीची बोटं थांबली.

‘‘प्रीतम गेला हे तुम्हाला सोमवारी पोलिसांनी कळवलं. गेलेल्या माणसासाठी कोणी मागणं मागत नाही. त्याच्याआधी त्याला काही झालंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं तुम्ही शपथेवर सांगितलंय. मग देवांनी तुमचं ऐकलं नाही ते कधी?’’

रुक्मिणीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लबाडीही नव्हती. फार दिवस अंगावर काढलेलं दुखणं डॉक्टरने नेमकं दाबावं तसा तो चेहरा झाला. वनमालाबाईंना तिची दया आली आणि त्याच क्षणी दर्शनाची आठवण होऊन स्वतःचीच चीड आली.

‘‘वैनी, तुमची सून सहा वर्षं तुरुंगात आहे.’’

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

‘‘आये, कोण गो हे?’’ नितेश आत येत म्हणाला.

५

नितेशने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग दार उघडून धरलं. ‘‘तुम्ही कोर्टाच्या ना? कोणाच्या परवानगीने आलात? एक कंप्लेंट टाकली ना, वाट लागेल तुमची. माझा भाऊ गेलाय. आईला त्रास द्यायचा नाही.’’

वनमालाबाई चपला घालताना त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘वैनी, गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे.’’

त्या रात्री फोनवर मिहिरने त्यांना झाडलंच. ‘‘बाई, रिकामा देव्हारा हा पुरावा नाही. ती म्हणेल, मी असं बोललेच नाही. तुम्ही दाखल झालेल्या कागदांवर राहा. पंचनामा, फोटो, कॅमेरा. तेवढं मला पुरेल.’’

‘‘पुरेल ना रे?’’

‘‘हे शेवटचं आहे, बाई. इथे हरलो तर पुढे सुप्रीम कोर्ट, आणि त्यांच्याकडे तेवढी ताकद नाही. ती दोघं आतच म्हातारी होतील.’’

गुरुवारी न्यायमूर्ती दोन होते. एक मराठी, दुसरे दक्षिणेकडून बदलून आलेले. दर्शना आणि केतन तुरुंगातून व्हिडिओवर दिसत होते. दर्शनाने केस घट्ट मागे बांधले होते, ड्यूटीवर जायला निघाल्यासारखे. वनमालाबाई मागच्या बाकावर बसल्या. मिहिरने बाजू सुरेख मांडली. मार शनिवारी रात्री नऊच्या सुमारास बसला, मृत्यू रविवारी दुपारी, असं डॉक्टरांचा अहवाल सांगतो. रविवारी घरात असलेल्या माणसाने देव पाण्यात ठेवले, तो केतन असूच शकत नाही, आणि मग किल्लीची गोष्ट कोसळते, कटाचीही कोसळते. मराठी न्यायमूर्तींनी चौदावी नोंद दोनदा वाचली आणि मान हलवली. वनमालाबाईंना हायसं वाटलं.

त्याच सुमारास कोणीतरी येऊन त्यांच्या शेजारी बसलं. ती रुक्मिणी होती. एकटी आली होती, बोरिवलीहून.

मग सरकारी वकील उठले. ते इंग्रजीत, हातवारे करत बोलू लागले. बाजू उलटत होती. अपिलदारांचे वकील म्हणतात देव पाण्यात होते, मान्य, सरकारी वकील म्हणाले. हीच तर केतनची खूण आहे! ज्याला या देवांबद्दल तुच्छता आहे, ज्याचा मावसबहिणीच्या सासरच्यांवर राग आहे, त्याने ते देव्हाऱ्यातून उचलले आणि पाण्यात फेकले. ही भक्ती नसून विटंबना आहे. दक्षिणेकडच्या न्यायमूर्तींनी पेन उचललं आणि लिहून घेतलं.

पडद्यावर केतन काहीतरी ओरडत उठला, त्याचा आवाज बंद केलेला होता.

‘‘काय म्हणता गे तो?’’ रुक्मिणीने हळूच विचारलं.

भाषांतर करणाऱ्याने फक्त भाषांतर करावं. वनमालाबाई तिच्या कानाशी वाकल्या आणि त्यांनी एक वाक्य जसंच्या तसं मराठीत केलं.

‘‘म्हणतोय की ते देव केतनने फेकले. विटंबना करायला.’’

६

‘‘नाय!’’

अख्खं कोर्ट वळलं. रुक्मिणी बाकाला धरून उभी होती. शिपाई धावला, पण मराठी न्यायमूर्तींनी हात वर केला.

‘‘कोणी टाकूक नाय ते,’’ ती म्हणाली. ‘‘मी ठेवलंय. पानी घालून, दिवो लावून, नीट ठेवलंय.’’

पुढचा अर्धा तास वनमालाबाईंना कधी विसरता आला नाही. अपिलातही जरूर पडली तर नवी साक्ष घ्यायचा अधिकार हायकोर्टाला असतो. न्यायमूर्तींनी रुक्मिणीला बजावलं की जे बोलाल ते तुमच्यावरही शेकू शकतं, गप्प राहायचा हक्क तुम्हाला आहे. तिने मान हलवली आणि शपथ घेतली. एका न्यायमूर्तींना मराठीच येत नव्हतं आणि दुसऱ्यांना तिची मालवणी झेपेना. मिहिरने वनमालाबाईंचं नाव सुचवलं. नियम असा की दुभाष्याने साक्षीदाराच्या जागी ‘मी’ म्हणूनच बोलायचं.

म्हणून वनमाला सामंत रुक्मिणीच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणू लागल्या, मी प्रीतमची आई.

बोरिवलीच्या घराच्या जागी टॉवर व्हायचा होता. बिल्डरला दोन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या. नितेशचं म्हणणं, प्रीतमने हक्क सोडावा. प्रीतम म्हणे, बाबांचं घर आहे, माझीही खोली त्यात राहू दे. शनिवारी रात्री नितेश त्याला भेटायला गेला आणि अकरा वाजता परत आला तो पांढराफटक पडून. दादाशी झटापट झाली, त्याला लागलं, एवढंच तो सांगे. कुठे ते सांगेना. त्याच्या मुठीत प्रीतमच्या किल्ल्या होत्या, झटापटीत हाती आलेल्या. तो झोपल्यावर मी त्या काढून घेतल्या आणि पहाटे मरोळला गेले. वाटलं, लागलंय तर तो घरीच येईल. तो नव्हता. मग मी देव पाण्यात ठेवले.

‘‘किती वेळ थांबलात?’’ मराठी न्यायमूर्तींनी विचारलं.

रात्री आठपर्यंत. लिफ्ट थांबली की दाराशी जायचे. मग नितेशचे फोनवर फोन यायला लागले, म्हणून निघाले.

‘‘देव पाण्यातून का नाही काढले? त्यामुळेच सापडलात.’’

रुक्मिणीला हा प्रश्नच समजला नाही. ‘‘प्रीतम येवंक नाय होतो,’’ ती म्हणाली.

न्यायमूर्तींनी चष्मा काढून पुसला. ‘‘आणि सून निर्दोष आहे हे माहीत असून सहा वर्षं तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत?’’

‘‘एक झील गेलो, सायबानू. दुसऱ्या पोराक मी कसा घालवू?’’

‘‘आणि ती?’’

रुक्मिणीने पडद्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. बराच वेळ पाहिलं. ‘‘ती माझी नाय होती.’’

हे वाक्य वनमालाबाईंना ‘मी’ होऊन इंग्रजीत म्हणावं लागलं. त्यांनी ते म्हटलं, मोठ्याने आणि पूर्ण.

न्यायमूर्ती काही क्षण एकमेकांशी बोलले. मग त्यांनी आदेश सांगायला सुरुवात केली. सविस्तर निकाल पुढच्या आठवड्यात. पण दोन्ही अपिलदारांची शिक्षा आत्तापासून स्थगित, दोघांना आज संध्याकाळपर्यंत सोडण्यात यावं. नितेश पेडणेकर याचा नव्याने तपास व्हावा. मिहिरने पुढ्यातली फाइल मिटली. पडद्यावर केतन तोंडावर हात घेऊन रडत होता.

दर्शना रडत नव्हती. तिने हात वर केला, वर्गात करतात तसा. न्यायमूर्तींनी तिचा आवाज चालू करायला सांगितलं.

‘‘साहेब, मला आईंना एकच विचारायचंय.’’ तिचा आवाज सरळ होता. ‘‘आई, मी नर्स आहे. डॉक्टरांचा रिपोर्ट मी आत शंभर वेळा वाचलाय. नितेशभाऊंना हलवून, ओरडून, मारून विचारायचं होतं ना, कुठे आहे म्हणून. पोलिसांना फोन करायचा होता. ते गाळ्यात पडले होते. दुपारपर्यंत जिवंत होते ते.’’

रुक्मिणीच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. डॉक्टरांचा अहवाल इंग्रजीत होता. खटला झाला तेव्हा आणि आजही, त्यावरची चर्चा इंग्रजीतच झाली होती. सहा वर्षांत तिला तो कोणी सांगितला नव्हता. तिने वनमालाबाईंचं मनगट धरलं.

‘‘काय म्हणता गे ती? जितो होतो?’’

सांगायला सोपे असे शब्द ना मराठीत होते ना मालवणीत. वनमालाबाईंनी तिच्या हातावर आपला हात ठेवला.

‘‘होय, वैनी. तुम्ही दाराशी येत-जात होतात ना, तेव्हा.’’